जुनी अबार्थ पुंटो आणि सात लाखांची मर्यादा: ठाण्यातलं एक प्रकरण

खरेदीदार माझी मामेबहीण. वय एकतीस, राहायला ऐरोलीत, नोकरी महापेला. घरात एक साधी ऑटोमॅटिक हॅचबॅक आहे, ती आई-वडिलांसाठी आणि रोजच्या कामांसाठी. तिला दुसरी गाडी हवी होती ती निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी. हाताशी सात लाख होते, सगळे साठवलेले. कर्ज काढायचं नाही हे तिनं आधीच ठरवलं होतं. या सात लाखांत गाडी, दुरुस्ती, कागदपत्रं आणि विमा असं सगळं बसवायचं, आणि नंतर निदान वर्षभर गॅरेजची पायरी चढायला लागू नये, अशी तिची अट होती.

या अटीमुळेच हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं. जुनी वेगवान गाडी घेणारे बरेच जण होते नव्हते ते सगळे पैसे गाडीत घालतात आणि दुरुस्तीचं नंतर बघू म्हणतात. मग टायमिंग बेल्ट (इंजिनातला रबरी पट्टा) पुढच्या पगारावर जातो, टायर दिवाळीच्या बोनसवर. अशी गाडी एक दिवस घोडबंदर रोडवर बंद पडते आणि वर्षभरात पुन्हा विकायला निघते. आमचा हिशोब उलटा होता. आधी दुरुस्तीचे पैसे बाजूला काढायचे आणि उरतील त्यात गाडी शोधायची. दुरुस्तीला दीड-पावणेदोन लाख धरले, कागदपत्रं आणि विम्याला तीस हजार. म्हणजे गाडीला पाच लाख.

पाच लाखांत वेगवान म्हणावी अशी गाडी कोणती? यादी मोठी नाही. २००० ते २००३ मधली होंडा सिटी व्हीटेक हे आमच्या पिढीचं स्वप्न, पण तिची पंधरा वर्षांची मूळ नोंदणी कधीच संपली. आता नूतनीकरण, पर्यावरण कर आणि सुट्या भागांची शोधाशोध असं सगळं एकदमच अंगावर येतं. पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएसचीही तीच गत. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय बाजारात भरपूर आहेत आणि गाडी गोड आहे, पण तिच्या सात गिअरच्या ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर आमचं दुरुस्तीचं सगळं बजेट तिथेच संपलं असतं. शिवाय बहिणीला क्लच आणि गिअर स्वतःच्या हातापायांत हवे होते. मारुती बलेनो आरएस चांगली आहे, पण तिचं मन तिथे रमेना.

राहिली फिॲट अबार्थ पुंटो, म्हणजे साध्या पुंटोची वेगवान आवृत्ती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती आली तेव्हा दिल्लीची शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार होती. १३६८ सीसीचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दहा लाखांच्या आत इतकी ताकद तेव्हा दुसरं कोणी देत नव्हतं. गाडी बनली आपल्या रांजणगावात. फिॲट आणि मुंबई-ठाण्याचं नातं तसं जुनंच. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याची, पुढे पॅलिओही कुर्ल्याचीच. त्यामुळे फिॲटवर हात बसलेले मिस्त्री या पट्ट्यात अजून सापडतात, आणि या निर्णयात त्याचं वजन मोठं होतं. कंपनीने इथला फिॲटचा धंदा गुंडाळला आहे, हे धरूनच चालायचं होतं. पण अबार्थची बॉडी, दारं, काचा आणि बरंचसं वायरिंग साध्या पुंटोचं आहे, इंजिनाचं नातं फिॲटच्याच लिनिया टी-जेट सेडानशी आहे, आणि हेच इंजिन युरोपात अबार्थच्या इतर गाड्यांतही लागलं. सुटे भाग वेळ घेतात, पण मिळतात.

पाहण्यासारख्या दोन गाड्या निघाल्या.

पहिली खारघरची, काळी, मागणी पाच लाख वीस हजार. दिसायला झक्क. गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग, जाड सायलेन्सर, ईसीयू (इंजिनचा संगणक) जास्त ताकदीसाठी रिमॅप केलेला. विकणाऱ्या मुलाच्या म्हणण्यानुसार १८० हॉर्सपॉवर. आम्ही पोचलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर गरम. जुनी गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवायला आदल्या दिवशी सांगायचं असतं, तसं सांगितलंही होतं. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही: टॅपेटचा आवाज, पहिल्या झटक्यातला निळा धूर, डगमगणारा आयडल. रिमॅप कोणी केला, कोणती फाइल टाकली, मूळ फाइल कुठे आहे, कशाचंही उत्तर मिळालं नाही. एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला होता.

बहीण त्या गाडीवर भाळली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण घरी येऊन तिनं स्वतःच कागदावर मांडलं: मूळ स्प्रिंग आणि शॉकअप, मूळ सायलेन्सर, कन्व्हर्टर, ईसीयू पुन्हा मूळ स्थितीत आणणं, वर क्लचची शंका. दुसऱ्याच्या हौसेचे पैसे देऊन ती हौस उतरवायला आणखी पैसे घालायचे होते. आणि उतरवावी तर लागणारच होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करून गाडी चालवता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. न कळवलेले बदल अपघाताच्या वेळी विमा कंपनीच्या हाती आयतं कारण देतात, ते वेगळंच. काळी गाडी सोडली.

दुसरी कोलशेतची. पांढरी, २०१६ ची, ठाणे पासिंग, पहिलाच मालक. एका कंपनीतून निवृत्त झालेले काका, गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे क्लच जमेना म्हणून विकत होते. मीटर ६१ हजार किलोमीटर. मागणी पाच लाख साठ हजार. पुढच्या बंपरवर ओरखडे, हेडलाइटच्या काचा पिवळट, एका अलॉयला दगडाचा मार. पण काकांनी समोर एक फाइल ठेवली आणि माझं मत तिथेच अर्धं ठरलं. आधी कंपनी सर्व्हिसची बिलं, नंतर वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजची. प्रत्येक बिलावर किलोमीटर लिहिलेले, आणि ते ओळीने वाढत गेलेले. मीटर फिरवलेला नाही याची इतकी चांगली खात्री दुसऱ्या कशानेच होत नाही.

तपासणी मात्र काकांच्या चांगुलपणावर सोडली नाही. पावसाळ्यात ठाण्याच्या अनेक सोसायट्यांच्या तळघरात पाणी शिरतं, तेव्हा पहिला प्रश्न तोच: गाडी बुडाली होती का? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. रोज वापरात न येणारा तो आतला हातभर भाग मालक धूत नाही, आणि पाणी चढलं असेल तर चिखलाची तपकिरी रेघ तिथे राहते. चारही बेल्ट स्वच्छ निघाले. मग कार्पेट उचलून सीटच्या रुळांवरचा गंज आणि डॅशबोर्डखालच्या कनेक्टरांवरची हिरवट पूड शोधली. काही नव्हतं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र प्रत्येक पत्र्यावर फिरवलं. डाव्या मागच्या दाराचा आकडा इतरांच्या दुपटीहून जास्त आला. काकांनी विचारायच्या आधीच सांगितलं की सोसायटीच्या खांबाला दार घासलं होतं. खांबावर अजून पांढरा रंग होता.

टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. इथे होतं ३२१८. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण कडांच्या खाचांत बारीक भेगा पडल्या होत्या. १४५ हॉर्सपॉवरच्या गाडीला असे टायर चालत नाहीत, मग नक्षी कितीही असो.

राउंड मारायला गाडी ढोकाळीच्या बाजूने काढली. खड्ड्यावर पुढून डावीकडे टकटक: चाक धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश गेलेला. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंगला हलकी थरथर: डिस्क वाकलेल्या. आणि मग सगळ्यात महत्त्वाची चाचणी. या इंजिनचा पूर्ण टॉर्क साधारण २००० आरपीएमला येतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि डोळा आरपीएमच्या काट्यावर ठेवायचा. काटा वेगाच्या हिशोबाने चढला तर क्लच ठीक. इथे टर्बोने जोर धरला आणि काटा एकदम वर उडाला, गाडी मागेच राहिली. क्लच प्लेट संपलेली. शहरात हळू चालवताना हे कळलंही नसतं.

फाइलमध्ये एक बिल मात्र कुठेच नव्हतं: टायमिंग बेल्टचं. या इंजिनात कॅमशाफ्ट रबरी पट्ट्यावर चालते आणि त्याच पट्ट्यावर वॉटर पंप फिरतो. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. गाडी कमी चालली म्हणून पट्टा चांगला, असं नसतं. रबर वयानेही मरतं. कमी चाललेल्या जुन्या गाडीत नेमकं हेच राहून जातं, कारण मालक किलोमीटरची वाट पाहत बसतो.

लॅपटॉपवरच्या मल्टीइसीयूस्कॅन या सॉफ्टवेअरने गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाड वाचले. एक जुनी बॅटरी व्होल्टेजची नोंद सोडली तर काही नव्हतं. कूलंट स्वच्छ, ऑइलच्या झाकणाखाली साय नाही (म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं नाही), धूर नाही.

आमचे मिस्त्री पूर्वी फिॲटच्या डीलरकडे होते, आता वागळे इस्टेटला स्वतःचं गॅरेज चालवतात. त्यांनी अंदाज काढला: टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून २० हजार, क्लच सेट मजुरीसह ३४ हजार, लोअर आर्म, बुश, पुढचे शॉकअप आणि अलाइनमेंट ३८ हजार, डिस्क आणि पॅड २१ हजार, चार टायर ३३ हजार, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, फिल्टर, प्लग ९ हजार. एकूण एक लाख पंचावन्न हजार.

हा कागद घेऊनच बहीण काकांकडे गेली. तिनं गाडीला एकदाही नावं ठेवली नाहीत. "काका, गाडी तुम्ही जपलीये हे फाइलवरूनच कळतं. पण एवढी कामं मला पहिल्याच महिन्यात करायची आहेत, आणि माझ्याकडे सगळं मिळून सात लाख आहेत." काकांनी कागद चष्मा लावून वाचला. क्लच त्यांनी मान्य केला, बेल्टवर थोडी हुज्जत घातली, टायर मान्य केले. सौदा चार लाख नव्वद हजारांवर ठरला. ओरखडे, पिवळ्या काचा, अलॉयचा मार यांवर तिनं एक रुपयाही मागितला नाही, आणि माझ्या मते सौदा त्यामुळेच झाला. सुरक्षिततेच्या आणि इंजिनच्या कामांचा कागद समोर असला की भाव कमी करायला समोरच्याला कमीपणा वाटत नाही.

कागदपत्रांत फारसं काही अडलं नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, जुनं कर्ज फेडल्याचा फॉर्म ३५ आधीच जमा झालेला, ई-चलन काही बाकी नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्यावी लागली. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायचा असतो आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढला. नाव लवकर बदललं जावं यासाठी काकाच जास्त मागे लागले होते, आणि ते रास्तच. नोंदणीवर ज्याचं नाव त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. या सगळ्याला मिळून २८ हजार लागले.

आता दुरुस्ती. गाडी ताब्यात आल्यावर ती फिरायला न नेता थेट गॅरेजला गेली. बेल्ट बदलेपर्यंत पळवायची नाही, असं मिस्त्रींनी बजावलंच होतं. पट्टा बाहेर आला तेव्हा सगळेच जवळ जाऊन पाहत राहिलो. वरून पाहता काळा, गुळगुळीत, ठणठणीत. मिस्त्रींनी तो उलटा वाकवला तसं प्रत्येक दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर उघडली. वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट-गुलाबी ओघळ होता; सील झिरपायला लागलं होतं. "मॅडम, हा पट्टा घेऊन माळशेज चढला असता, तर उतरताना टेम्पोवर आला असता," मिस्त्री म्हणाले.

क्लचने वेळ खाल्ला. सुटे भाग विकणाऱ्याने पुंटोचा म्हणून पाठवलेला सेट १.३ डिझेलचा निघाला. खोका उघडून नवी प्लेट जुन्या प्लेटशेजारी ठेवल्यावर व्यासातला फरक दिसला. परत पाठवला, आणि पुढची ऑर्डर चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून मगच दिली. या गाडीच्या बाबतीत हे पथ्य सगळ्यांनीच पाळावं. नुसतं 'पुंटो' म्हटलं की दुकानदाराच्या डोक्यात डिझेल येतं, कारण रस्त्यावर तीच जास्त होती. गिअरबॉक्स खाली असतानाच एक इंजिन माउंटिंग फाटलेलं दिसलं आणि टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा एक रबरी होज तेलाने फुगून मऊ झालेला. दोन्ही तेव्हाच बदलले. अंदाजाबाहेरचा खर्च तेवढाच झाला, १७ हजार. पेट्रोलच्या रबरी नळ्याही तपासल्या. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१६ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. नळ्या सध्या ठीक आहेत, पण दर सर्व्हिसला पाहायच्या आहेत.

सस्पेन्शनवर घरात वाद झाला. माझ्या भाच्याचं म्हणणं, शॉकअप काढतोच आहोत तर लोअरिंग स्प्रिंग टाकूया, गाडी भारी दिसेल. ही गाडी साध्या पुंटोपेक्षा मुळातच खाली बसते. गायमुखचा घाट, सर्व्हिस रोडचे खड्डे आणि प्रत्येक सोसायटीच्या दारातला गतिरोधक यांत आणखी खाली आणलेली गाडी घासत घासतच चालवावी लागते, आणि घासायच्या भीतीने जी गाडी वीसने चालवायची तिच्यात वेगाचं सुख कसलं? मूळ मापाचे शॉकअप आणि मूळ स्प्रिंगच राहिले. टायरही मूळ मापाचे, १९५/५५ आर १६. थोडे रुंद टाकायचा मोह होता, पण जड चाकांनी स्टिअरिंगचा हलका, बोलका हात हरवतो. ते हायड्रॉलिक स्टिअरिंग हा या गाडीचा सगळ्यात सुंदर भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

दाराचं हँडल, आरशाचं कव्हर आणि डिकीतल्या दोन क्लिपा कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून आणल्या. दिसण्याच्या वस्तू तिथून बिनधास्त घ्याव्यात. ब्रेक, बेल्ट, बेअरिंग आणि रबर कधीही घेऊ नयेत. हेडलाइट घासून पॉलिश केले. बंपरचे ओरखडे तसेच आहेत.

दुरुस्तीचा एकूण आकडा एक लाख बहात्तर हजार. गाडी, कागदपत्रं आणि दुरुस्ती मिळून सहा लाख नव्वद हजार.

मग स्टेज वन म्हणजे पहिल्या पायरीच्या रिमॅपचे सल्ले सुरू झाले. फाइल टाकली की इतकी ताकद वाढते, खर्च फक्त इतका. बहिणीनं नाही म्हटलं, आणि त्यात कायद्याच्या भीतीपेक्षा तिचा अनुभव जास्त होता. नव्या क्लचवर, ताज्या बुशांवर, सरळ डिस्कवर गाडी पहिल्यांदा चालवली तेव्हा तिला समजलं की आपण अबार्थ अजून पाहिलीच नव्हती. कोलशेतला राउंड मारताना जी चालवली ती थकलेली गाडी होती. रांजणगावाहून निघालेली गाडी ही. दुसऱ्या गिअरमध्ये टर्बोने जोर धरला की सीटमध्ये मागे ढकलणारा तो धक्का, आणि वळणात नाक जिथे दाखवू तिथे जाणं, हे सगळं तिच्यात आधीपासून होतं, फक्त झिजलेल्या रबराखाली दबलं होतं. स्वस्तात वेगवान गाडी हवी असेल तर मूळ गाडी परत मिळवण्यावर पैसे घालावेत, असं मी त्यामुळेच म्हणतो. तिच्यात वाढवायचं काही असेल तर ते त्यानंतर कळतं, आणि बहुतेक वेळा काहीच नसतं.

आता ती रविवारी पहाटे कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजला जाते आणि गर्दी व्हायच्या आत परत येते. पाम बीच रोडवर गाडी पळवायची नाही, हे तिचं स्वतःचं बंधन आहे. तिथे सकाळी माणसं चालतात, सायकली असतात. जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर शांत चालू ठेवायचं, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळत नाही, ही सवय तिनं लावून घेतली. शहरात लिटरला दहा-अकरा किलोमीटर मिळतात. दर ७ ते ८ हजार किलोमीटरला ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइल बदललं जातं. कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा लवकर, पण टर्बोच्या मानाने स्वस्त.

उरलेली कामं दोन. मागचे शॉकअप पुढच्या पावसाळ्याआधी बदलायचे आहेत, आणि एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना किंचित कुरकुरतो त्यावर लक्ष आहे. बाजूला राहिलेल्या दहा हजारांतून तिनं टायमिंग बेल्टचा आणखी एक सेट आत्ताच मागवला, कारण चार-पाच वर्षांनी तो मिळायला सोपा असेल असं मिस्त्रींना वाटत नाही. नोंदणीची मुदत २०३१ मध्ये संपेल. तेव्हा फिटनेस आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं, असं तिनं आत्ताच ठरवलंय, आणि काकांनी दिलेल्या त्याच फाइलमध्ये तिची बिलं आता मागे लागत चालली आहेत.